कामाच्या जागेची ॲलर्जी आणि प्रिक टेस्ट : हातावर गांध उठली, म्हणजे नेमके काय कळले?

रानवारा

सर्वांना नमस्कार. गेली चार वर्षे मी एका संशोधन संस्थेच्या प्राणिगृहात तंत्रज्ञ म्हणून काम करते. उंदरांचे पिंजरे धुणे, त्यांतला भुसा बदलणे, प्राण्यांचे वजन घेणे आणि प्रयोगांसाठी त्यांना हाताळणे हे माझे रोजचे काम आहे. पहिली दोन-अडीच वर्षे कसलाही त्रास नव्हता. त्यानंतर पिंजऱ्यांच्या खोलीत पाऊल टाकले की शिंका येऊ लागल्या, डोळे खाजून लाल होऊ लागले, आणि गेल्या पाच-सहा महिन्यांपासून भुसा बदलण्याचा दिवस असला की संध्याकाळी छाती आवळून येते व रात्री खोकल्याने जाग येते. मध्यंतरी दोन आठवडे रजेवर होते, तेव्हा हे सारे औषधाविना थांबले. कामावर रुजू झाले त्या दिवशी दुपारपर्यंत परत सुरू झाले. संस्थेच्या डॉक्टरांनी ॲलर्जीतज्ज्ञांकडे पाठवले असून महिनाअखेरीस प्रिक टेस्ट, म्हणजे त्वचेत हलके टोचून ॲलर्जी पाहण्याची चाचणी, ठरली आहे.

या चाचणीबद्दल जितक्या लोकांशी बोलले तितकी वेगवेगळी उत्तरे मिळाली. एका सहकाऱ्याच्या पाठीवर पट्ट्या चिकटवून त्या दोन दिवस ठेवल्या होत्या, त्यामुळे माझीही तशीच चाचणी होईल असे तो सांगतो. दुसरी एक मैत्रीण म्हणते की रक्ततपासणी केली की पुरे, टोचून घेण्याची गरज नाही. आणि सर्वांत मोठी काळजी अशी की चाचणीत ॲलर्जी दिसली तर मला या कामावरून काढतील का, आणि दिसली नाही तर माझा त्रास मनाचा आहे असे ठरवतील का. ज्यांनी ही चाचणी करून घेतली आहे किंवा जे ती करतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

श्वासमात्र

रानवारा ताई, मी ॲलर्जीच्या दवाखान्यात काम करणारा डॉक्टर आहे. इथे लिहितो ती सर्वसाधारण माहिती आहे, तुमच्याबाबतचा निर्णय तुम्हाला प्रत्यक्ष तपासणारे डॉक्टरच घेतील. पण तुमच्या प्रश्नांत ज्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे ती दूर करणे आवश्यक वाटते, कारण हीच सरमिसळ मला जवळपास प्रत्येक रुग्णात दिसते.

तुमच्या सहकाऱ्याची झाली ती पॅच टेस्ट. ती त्वचेच्या इसबासाठी असते. निकेल, सिमेंटमधले क्रोमेट, इपॉक्सी रेझिन, रबरात मिसळली जाणारी रसायने यांच्या संपर्काने हातांवर जो इसब येतो, तो पांढऱ्या पेशींच्या संथ प्रतिक्रियेतून येतो. म्हणून पट्ट्या ४८ तास पाठीवर ठेवून तेव्हा एकदा आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा एकदा पाहावे लागते. तुमचा त्रास निराळ्या जातीचा आहे. उंदरांच्या मूत्रातील प्रथिनांविरुद्ध तुमच्या शरीरात आयजीई नावाची प्रतिद्रव्ये तयार झाली असतील, तर ती मास्ट पेशींवर चिकटून बसलेली असतात, आणि ते प्रथिन भेटताक्षणी त्या पेशी हिस्टामिन नावाचे रसायन सोडतात. शिंका, डोळ्यांची खाज आणि श्वासनलिकांचे आकुंचन हे त्यातूनच घडते. प्रिक टेस्टमध्ये हीच घटना आपण हाताच्या त्वचेत मुद्दाम, अगदी थोड्या प्रमाणात घडवून आणतो. म्हणूनच तिचे उत्तर १५ ते २० मिनिटांत मिळते.

प्रत्यक्षात काय करतात ते सांगतो, म्हणजे भीती कमी होईल. हाताच्या आतल्या बाजूवर, मनगट आणि कोपर यांच्यामध्ये, पेनाने खुणा करून एकमेकांपासून किमान दोन सेंटिमीटर अंतरावर द्रावणांचे थेंब ठेवतात. प्रत्येक थेंबातून एक मिलिमीटर टोकाची लॅन्सेट त्वचेत हलकेच टोचतात आणि दर थेंबाला नवी लॅन्सेट घेतात. रक्त येऊ नये, कारण सुई त्वचेच्या वरच्या थरापलीकडे जायचीच नसते. त्यात दोन थेंब तपासणीसाठी नसून चाचणीच नीट चालली आहे की नाही हे पाहण्यासाठी असतात: एक हिस्टामिनचा, जिथे गांध उठायलाच हवी, आणि दुसरा नुसत्या क्षारद्रावणाचा, जिथे काहीही उठता कामा नये. पंधरा मिनिटांनी गांधीची सर्वांत लांब रेषा आणि तिला काटकोनातली रेषा मोजून सरासरी काढतात. क्षारद्रावणाच्या जागेपेक्षा किमान तीन मिलिमीटर मोठी गांध उठली, तर चाचणी पॉझिटिव्ह मानण्याचा प्रघात आहे. भोवतालची लाली टिपून ठेवतात, पण निर्णय गांधीवरून होतो.

आता तयारीविषयी. ॲलर्जीच्या गोळ्या, म्हणजे अँटीहिस्टामिन, साधारणपणे आठवडाभर आधी बंद कराव्या लागतात, नाहीतर हिस्टामिनच्या थेंबालाही गांध उठत नाही आणि सगळी चाचणी वाया जाते. लोक ॲलर्जीची गोळी आठवणीने थांबवतात आणि सर्दीची गोळी घेत राहतात. सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत अँटीहिस्टामिन असतेच. झोपेसाठी किंवा नैराश्यासाठी दिली जाणारी ॲमिट्रिप्टिलिन, डॉक्सेपिन यांसारखी औषधेही गांध दाबतात, परंतु ती ज्या डॉक्टरांनी सुरू केली आहेत त्यांना विचारल्याखेरीज कधीही बंद करू नयेत. हातावर रोज स्टिरॉइडचे मलम लावत असाल तर तेही सांगा. दम्याचा पंप मात्र चालू ठेवायचा असतो. दमा आटोक्यात नसताना ही चाचणी करू नये, आणि बीटा ब्लॉकर गटातील रक्तदाबाचे औषध चालू असेल तर ते आधी सांगावे, कारण क्वचित तीव्र प्रतिक्रिया आलीच तर त्या औषधामुळे ॲड्रेनलिन या तातडीच्या औषधाचा परिणाम कमी होऊ शकतो. अशी प्रतिक्रिया फार विरळ असते. तरीही दवाखान्यात ॲड्रेनलिन हाताशी असावे आणि चाचणीनंतर अर्धा तास तिथेच बसवून ठेवावे, अशी अपेक्षा तुम्ही निःसंकोच करा.

रक्ततपासणीत हीच आयजीई प्रतिद्रव्ये मोजतात. अंगभर इसब असेल, त्वचेवर नुसती नखाची रेघ ओढली तरी गांध उठत असेल किंवा गोळ्या थांबवणे शक्य नसेल, तेव्हा रक्ततपासणीच बरी. एरवी दोन्ही एकमेकींना पूरक आहेत.

पहाटपाळी

मी वीस वर्षे बेकरीत पीठ मळण्याच्या विभागात आहे. माझा अनुभव लिहितो, कारण चाचणी निगेटिव्ह आल्यावर मी दीड वर्ष फुकट घालवले.

पहाटे मिश्रणयंत्रात पोती रिकामी करताना शिंका आणि नंतर धाप, असा माझा त्रास होता. पहिल्या दवाखान्यात त्यांच्याकडे जो तयार संच होता तो वापरला: धुळीतले किडे, परागकण, बुरशी, मांजर, झुरळ. कामाच्या पदार्थांपैकी फक्त गव्हाचे पीठ होते. धुळीच्या किड्यांना थोडी गांध उठली, गव्हाला काहीच नाही. घरातली गादी-उशी बदला, असा सल्ला मिळाला. बदलल्या. त्रास तसाच राहिला.

दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा की पिठाखेरीज तुम्ही पोत्यांतून आणखी काय काय ओतता. मी पुढच्या भेटीत सगळ्या पिशव्यांवरची माहिती उतरवून नेली. पाव फुगावा व मऊ राहावा म्हणून जी पावडर घालतात तिच्यात बुरशीपासून काढलेले अल्फा-अमायलेज हे एन्झाइम असते. त्याच्या थेंबाला माझ्या हातावर हिस्टामिनपेक्षा मोठी गांध उठली. राय नावाच्या धान्याच्या पिठालाही उठली. ज्या पदार्थाचे नावच कोणी घेतले नव्हते, तो नेमका तोच निघाला.

त्यामुळे ताई, तुम्हाला माझे एकच कळकळीचे सांगणे आहे. चाचणीला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. तुम्ही कोणकोणत्या प्राण्यांना हाताळता, भुसा कशाचा आहे, त्यांचे खाद्य कोणते, पिंजरे कशाने धुता, हातमोजे कोणत्या प्रकारचे आहेत, हे सगळे लिहून न्या.

श्वासमात्र

पहाटपाळी, तुमचा प्रतिसाद प्रत्येक दवाखान्यात लावून ठेवावा असा आहे. त्यात दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट द्रावणांच्या प्रतीची. परागकणांची किंवा धुळीच्या किड्यांची द्रावणे बरीच प्रमाणित असतात. कामाच्या जागेवरील पदार्थांचे तसे नाही. युरोपीय ॲलर्जी संघटनेने कामाच्या ठिकाणच्या ॲलर्जीतील प्रिक टेस्टविषयी २०१३मध्ये आपली भूमिका मांडली तेव्हा याच प्रश्नावर भर दिला होता. एकाच पदार्थाच्या, पण निरनिराळ्या उत्पादकांच्या द्रावणांत प्रथिनांचे प्रमाण कमालीचे वेगळे असू शकते, आणि कमी प्रथिनांच्या द्रावणाने खरी ॲलर्जी हातची निसटते. म्हणजे ‘निगेटिव्ह’ याचा अर्थ इतकाच की या द्रावणाने, या दिवशी, या त्वचेवर गांध उठली नाही. तुमची पहिली गव्हाची चाचणी खोटी होती की खरी, हे आता सांगता येणार नाही, पण गव्हाच्या द्रावणांचा लौकिक फारसा चांगला नाही. नैसर्गिक रबराच्या, म्हणजे लेटेक्सच्या, द्रावणांवर त्या मानाने पुष्कळ भरवसा ठेवता येतो.

दुसरी गोष्ट याच्या उलट बाजूची. ज्यांना गवताच्या परागकणांची ॲलर्जी आहे, त्यांच्या हातावर गव्हाच्या द्रावणाने गांध उठू शकते, कारण गहू हेही एक गवतच आहे आणि दोन्हींतली काही प्रथिने सारखी असतात. अशा माणसाने आयुष्यात पिठाचे पोते उचललेले नसले तरी चाचणी पॉझिटिव्ह येते. त्याला बेकरीचा दमा आहे असे म्हणणे सर्वस्वी चूक ठरेल.

आणि जाता जाता, पिठाची श्वासातून ॲलर्जी असलेले बहुतेक लोक भाजलेला पाव खाऊ शकतात. चाचणीचा कागद हातात पडल्यावर घाबरून खाण्यातला गहू बंद करणारे रुग्ण मी पाहिले आहेत. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज तसे करण्याचे कारण नाही.

कात्रीकंगवा

मी केशकर्तनालयात काम करते. केस फिकट करण्याची पावडर पाण्यात कालवताना मला शिंका येतात आणि नाक चोंदते. शिवाय दोन्ही हातांवर, विशेषतः बोटांच्या बेचक्यांत, इसब आहे. मला पॅच टेस्ट सांगितली आहे. वरील चर्चा वाचून प्रश्न पडला की मला प्रिक टेस्टही करावी लागेल का. आणि ती पावडर घरून नेली तर डॉक्टर तिचाच थेंब करून पाहतील का?

श्वासमात्र

दोन्ही लागू शकतात, कारण तुमचे दोन त्रास दोन वेगवेगळ्या वाटांनी आलेले असण्याचा संभव आहे. हातांच्या इसबासाठी पॅच टेस्ट योग्यच आहे. केसांच्या रंगातील पीपीडी (पॅरा-फेनिलीनडायअमीन) हे रसायन हा तिथे नेहमीचा संशयित असतो. नाकाचा त्रास मात्र त्या पावडरीतल्या परसल्फेट क्षारांचा असावा असे वर्णनावरून वाटते, आणि त्यांची प्रिक टेस्ट निवडक ठिकाणीच, तीही सावधपणे करतात, कारण परसल्फेटच्या त्वचाचाचणीने तीव्र प्रतिक्रिया आल्याच्या नोंदी आहेत.

कामावरचा पदार्थ नेऊन चाचणी करता येते, परंतु त्याचे नियम आहेत. पीठ, प्राण्यांचे केस, झाडाचे पान, मासा अशा सजीवांपासून आलेल्या वस्तूंची ताजी चाचणी करण्याची रीत जुनी आहे. रसायनाचे तसे नाही. त्याने त्वचा नुसती भाजूनही लाल होऊ शकते आणि ती ॲलर्जी समजली जाऊ शकते. म्हणून नवा पदार्थ तपासायचा असेल तेव्हा त्याचे योग्य पातळ द्रावण करून ते आधी ज्यांना त्रास नाही अशा काही निरोगी व्यक्तींवर पाहावे लागते. डब्याऐवजी डब्यावरील घटकांची यादी आणि उत्पादकाने दिलेले सुरक्षितता माहितीपत्रक घेऊन जा.

रंगफवारा

‘निगेटिव्ह’ या शब्दाने माझे काय झाले ते सांगतो. मी वाहनांना फवाऱ्याने रंग देण्याचे काम करत असे. धाप लागू लागल्यावर मालकांनी एका दवाखान्यात पाठवले. तिथे हातावर दहा-बारा थेंब टोचले, एकालाही गांध उठली नाही, आणि ‘ॲलर्जी नाही, कामास योग्य’ असे प्रमाणपत्र मिळाले. त्या प्रमाणपत्रावर मी आणखी अकरा महिने त्याच खोलीत काम केले. शेवटी एका रात्री श्वास घेता येईना म्हणून रुग्णालयात दाखल व्हावे लागले.

तिथल्या डॉक्टरांनी समजावले की रंग कडक करण्यासाठी जे आयसोसायनेट मिसळतात त्याचा त्या थेंबांमध्ये समावेशच नव्हता, आणि असता तरी उत्तर मिळालेच असते असे नाही. मग त्यांनी मला श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारे, फुंकण्याचे पीक फ्लो मीटर देऊन चार आठवडे नोंदी करायला लावल्या. कामाच्या दिवसांत आकडा घसरत गेला आणि सुटीच्या दिवसांत चढत गेला. कागदावरची ती करवतीसारखी रेघ पाहून कोणालाच शंका उरली नाही. काम सोडून आता तीन वर्षे झाली, तरी पंप सुटलेला नाही. जर त्या पहिल्या प्रमाणपत्रावर ‘तपासलेल्या बारा पदार्थांची ॲलर्जी आढळली नाही, रंगातील रसायन तपासलेले नाही’ एवढे एक वाक्य लिहिले असते, तर मी नक्कीच आधी बाहेर पडलो असतो.

नोंदवही

रंगफवारा, तुमचे वाचून फार वाईट वाटले. मी कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्याचे काम पाहणारी डॉक्टर आहे, आणि तुम्ही सुचवलेले ते वाक्य यापुढे मी प्रत्येक अहवालात लिहीन.

तुमच्या डॉक्टरांनी सांगितले ते बरोबर आहे. पीठ, लेटेक्स, प्राण्यांचे मूत्र, एन्झाइम, मासे व कवचधारी जलचर यांची प्रथिने मोठ्या रेणूंची असतात. त्यांच्याविरुद्ध आयजीई सरळ तयार होते आणि प्रिक टेस्ट तिथे खरी उपयोगी पडते. आयसोसायनेटसारखी छोट्या रेणूंची रसायने वेगळी. त्यांच्यामुळे दमा झालेल्या लोकांपैकी थोड्यांच्याच रक्तात त्या रसायनाविरुद्धची आयजीई सापडते, त्यामुळे ती सापडली तर निदानाला बळ मिळते, पण सापडली नाही म्हणून काहीच सिद्ध होत नाही. छोट्या रेणूंमध्ये एक ठळक अपवाद प्लॅटिनमच्या क्लोरीनयुक्त क्षारांचा आहे. प्लॅटिनम शुद्ध करणाऱ्या कारखान्यांत अतिशय पातळ द्रावणानेही गांध उठते, आणि तिथे कामगारांची ठरावीक काळाने प्रिक टेस्ट करून गांध उठू लागताच त्यांना त्या विभागातून हलवण्याची पद्धत आहे. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये ही ॲलर्जी अधिक आढळते.

आता रानवारा यांच्या मूळ काळजीकडे येते. गांध उठली याचा अर्थ शरीराने त्या पदार्थाची ओळख करून ठेवली आहे. त्याला आम्ही संवेदनशीलता म्हणतो. ती म्हणजे आजार नव्हे. प्राणिगृहांत, बेकऱ्यांत असे अनेक जण असतात ज्यांच्या हातावर गांध उठते आणि ज्यांना कसलाही त्रास नसतो. आजार म्हणायचा तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात: त्या पदार्थाशी खरोखर संपर्क, कामाबरोबर येणारा-जाणारा त्रास, आणि त्या पदार्थाविरुद्धची प्रतिक्रिया. दम्याचा संशय असेल तर चौथी गोष्ट, श्वासाची मोजणी. दिवसातून किमान चार वेळा, दर वेळी तीनदा फुंकून सर्वांत चांगला आकडा लिहायचा, आणि हे कामाचे दिवस व सुटीचे दिवस दोन्ही धरून काही आठवडे करायचे. एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर रुग्णालयात, देखरेखीखाली, संशयित पदार्थ मोजून श्वासातून देण्याची चाचणी असते. ती फार थोड्या ठिकाणी होते.

हे सगळे तुम्ही कामावर असतानाच, लवकर करून घ्या. काम सोडून वर्षे लोटली की आयजीई उतरत जाते, गांध लहान होते, आणि मग खरा आजारही कागदावर सिद्ध करता येत नाही. उशीर करण्याचे दुसरे नुकसान याहून मोठे आहे. कामामुळे दमा झालेल्यांपैकी संपर्क पूर्ण थांबल्यावर पूर्णपणे बरे होणारे साधारण एक तृतीयांशच असतात, आणि त्रास सुरू झाल्यापासून जितक्या लवकर संपर्क थांबतो तितकी ती शक्यता वाढते.

सूक्ष्मदर्शी

चर्चा उत्तम चालली आहे. मला एक मूलभूत शंका आहे. हा सगळा त्रास टाळायचा असेल तर नोकरीवर घेतानाच सर्व उमेदवारांची प्रिक टेस्ट करून ॲलर्जीची प्रवृत्ती असलेल्यांना अशा कामांपासून दूर का ठेवू नये? त्यांच्याच भल्याचे आहे.

नोंदवही

हा प्रश्न सद्भावनेने विचारला जातो हे मला ठाऊक आहे, पण त्याचे उत्तर स्पष्ट शब्दांत नाही असे आहे.

नेहमीच्या परागकणांना किंवा धुळीच्या किड्यांना गांध उठणारे लोक कुठल्याही लोकसंख्येत फार मोठ्या प्रमाणात असतात. अशा लोकांना प्राण्यांची किंवा पिठाची ॲलर्जी होण्याची शक्यता इतरांपेक्षा वाढते हे खरे. तरीही त्यांतल्या बहुतेकांना ती कधीच होत नाही, आणि ज्यांच्या हातावर काहीच उठले नव्हते अशांपैकीही काहींना होते. म्हणजे या चाळणीने तुम्ही असंख्य निरोगी माणसांची रोजी हिरावून घ्याल आणि आजार तरीही कारखान्यात येईलच. शिवाय छोट्या रेणूंच्या रसायनांबाबत ही प्रवृत्ती फारशी काही सांगतच नाही.

आजार खरोखर कमी झाला तो हवा स्वच्छ केल्याने, माणसे निवडल्याने नव्हे. कपडे धुण्याच्या पावडरीत जिवाणूंपासून काढलेली एन्झाइम वापरायला सुरुवात झाली, तेव्हा कारखान्यांतील कामगारांना दमा होऊ लागला. १९६९मध्ये फ्लिंट व पेपिस यांनी ते कामगार तपासून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले, आणि त्या तपासातही त्वचेवरची चाचणीच हाताशी होती. त्यानंतर एन्झाइमच्या भुकटीचे आवरणयुक्त दाणे केले गेले, यंत्रे बंदिस्त झाली, आणि नव्या रुग्णांची संख्या घटली. पण नुसत्या दाण्यांवर विसंबूनही चालत नाही. अशा आवरणयुक्त एन्झाइमच्या आधुनिक कारखान्यातही दम्याची साथ उद्भवल्याचे २०००मध्ये त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लेटेक्सचे उदाहरण याहून समाधान देणारे आहे. हातमोज्यांतील पावडर लेटेक्सची प्रथिने हवेत पसरवते हे लक्षात आल्यावर रुग्णालयांनी पावडरविरहित हातमोजे घेतले, आणि परिचारिकांमधील नवी लेटेक्स ॲलर्जी झपाट्याने कमी झाली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पावडरच्या वैद्यकीय हातमोज्यांवर घातलेली बंदी जानेवारी २०१७मध्ये लागू झाली. हे हातमोजे बदलून साधले, माणसे निवडून नव्हे.

म्हणून मी प्रिक टेस्ट भरतीच्या दारात ठेवत नाही. ती आधीच कामावर असलेल्या माणसाच्या बाजूने, त्याचा त्रास खरा आहे व कशामुळे आहे हे दाखवण्यासाठी वापरते. तिचा निकाल हा त्या माणसाचा खासगी वैद्यकीय कागद आहे. व्यवस्थापनाला एवढेच कळवणे पुरेसे असते की या व्यक्तीचा अमुक पदार्थाशी संपर्क टाळावा.

सूक्ष्मदर्शी

आपले म्हणणे पटले. निरोगी माणसांच्या रोजीचा विचार मी केलाच नव्हता. धन्यवाद.

रानवारा

माझी चाचणी मागच्या आठवड्यात झाली. इथल्या सल्ल्याप्रमाणे गोळ्या आठ दिवस बंद ठेवल्या होत्या, आणि सर्दीचे औषध घ्यायचा मोह दोनदा टाळला. प्राणिगृहातील सर्व वस्तूंची यादी पाहून तिथल्या डॉक्टरांनी आपण होऊन भुशाच्या लाकडाविषयी व हातमोज्यांविषयी विचारले आणि लेटेक्सचा थेंब वाढवला.

निकाल असा: हिस्टामिन सहा मिलिमीटर, क्षारद्रावण शून्य, छोटे उंदीर (माऊस) आठ, मोठे उंदीर (रॅट) पाच, धुळीचे किडे चार, लेटेक्स, मांजर आणि परागकण शून्य. टोचलेले तर जाणवलेही नाही, मात्र उंदराच्या थेंबाची खाज दहाव्या मिनिटापासून इतकी वाढली की हात न खाजवता बसणे कठीण झाले. परिचारिकेने गांधींभोवती पेनाने रेघ काढून ती पारदर्शक चिकटपट्टीवर उचलली आणि कागदावर लावली. तो कागद मी मागून घेतला आहे. गेले वर्षभर मी जे सांगत होते त्याचा आकार त्या कागदावर पाहिला तेव्हा मला रडू आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

धुळीच्या किड्यांच्या चार मिलिमीटरांचे महत्त्व डॉक्टरांनी फारसे मानले नाही, कारण माझा त्रास घरी वाढत नाही, रजेत थांबतो. त्यांनी हेही सांगितले की उंदरांच्या मूत्रातील ते प्रथिन नरांमध्ये जास्त असते, सुकल्यावर भुशाच्या बारीक धुळीवर बसून खोलीभर तरंगते आणि कपड्यांवरून घरापर्यंतही येते. त्यामुळे आता संस्थेच्या डॉक्टरांनी माझ्याकडून भुसा बदलण्याचे काम काढून घेतले आहे, हवा बाहेर खेचणाऱ्या बंदिस्त पिंजऱ्यांची मागणी नोंदवली आहे, आणि तोवर नोंदी ठेवण्याच्या विभागात बसायला सांगितले आहे. पगार तोच आहे. अहवालात रंगफवारा यांनी सुचवलेले वाक्य लिहिण्याची विनंती मी केली आणि डॉक्टरांनी ती मान्य केली: कोणते पदार्थ तपासले व कोणते तपासले नाहीत, दोन्ही याद्या खाली आहेत. लाकडाचा भुसा दुसऱ्या यादीत आहे.

श्वासाची मोजणी परवापासून सुरू झाली आहे. पहिले दोन आठवडे नव्या जागी, नंतरचा काही काळ रजेत, असे ठरले आहे. पहाटे उठल्यावर, दुपारी, संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी फुंकते आहे. एक अडचण आहे: सकाळचा आकडा दोन्ही दिवस इतरांपेक्षा बराच कमी आला. काही चुकते आहे का?

नोंदवही

चुकत नाही. पहाटेचा आकडा बहुतेकांचा थोडा कमीच असतो आणि दम्यात तो अधिक खाली जातो, म्हणून तर चारही वेळा लिहायच्या. मात्र फुंकणे दर वेळी पंप घेण्याच्या आधी करा, पंप घेतल्याची वेळ शेजारच्या रकान्यात लिहा, आणि जुन्या खोलीत पाच मिनिटांसाठी गेलात तरी तेही त्या दिवसाच्या नोंदीत येऊ द्या. चार आठवड्यांनी तक्ता इथे लावलात तर मी आणि श्वासमात्र दोघेही पाहू.